भूत गेलं, यादी राहिली



ऑक्टोबरच्या मध्यावर एका संध्याकाळी सूनबाईंनी मोबाइल आमच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अम्मी, हे वाचा. आता काय करायचं?" नातवंडांच्या शाळेच्या गटावर संदेश आला होता. ३१ ऑक्टोबरला प्राथमिक वर्गांसाठी हॅलोवीन पार्टी. मुलांनी वेष करून यावं, डब्यात काहीतरी गोड आणावं. खाली पालकांच्या सोयीसाठी यादी होती. मुलींसाठी: राजकन्या, परी, जलपरी, फुलपाखरू, छोटी चेटकीण, नर्स. मुलांसाठी: सुपरहिरो, समुद्री चाचा, सांगाडा, व्हॅम्पायर, पोलीस, डॉक्टर.

आमचं लक्ष पहिल्याच ओळीवर अडकलं. हॅलोवीन! पुण्यात राहणाऱ्या आपल्या लेकरांना हा भुताखेतांचा परदेशी सण कशाला? रात्री जेवणानंतर तासभर चर्चा झाली. मुलगा म्हणाला, त्या दिवशी दोघांना घरीच ठेवू. सूनबाईंचं म्हणणं, सगळा वर्ग नटून जाणार आणि आपली दोन पोरं घरी बसणार; दुसऱ्या दिवशी वर्गात जे प्रश्न येतील ते पोरांनीच झेलायचे का? शेवटी शाळेला अदबीने लिहायचं ठरलं. लिहिल्यावर कळलं की आम्ही एकटे नव्हतो. वर्गातल्या दोन ख्रिस्ती घरांनी आणि एका वारकरी आजोबांनीही असंच कळवलं होतं. शाळेने समंजसपणा दाखवला. पार्टी रद्द झाली आणि तिच्या जागी १४ नोव्हेंबरला, बालदिनी, वेशभूषेचा कार्यक्रम ठरला. आम्ही अल्हमदुलिल्लाह म्हणालो आणि विषय संपला असं समजलो.

मग नवी यादी आली. चेटकीण, सांगाडा आणि व्हॅम्पायर गाळले होते. मुलांच्या बाजूला सांगाड्याच्या जागी सैनिक आला होता. बाकी सगळं जसंच्या तसं.

आता हे कबूल करायला हवं की दोन्ही वेळा यादी वाचूनही तिच्यातल्या वाटणीवर घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. भुतावर तासभर बोललो. मुलींच्या बाजूला काय लिहिलंय आणि मुलांच्या बाजूला काय, हे डोळ्यांखालून गेलं आणि निघून गेलं. ते दिसलं आमच्या सहा वर्षांच्या नातवामुळे.

पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला होता. पाच दिवस इस्पितळात काढले. तिथे रात्रपाळीला एक ब्रदर होता. आपल्याकडे नर्सबाईंना सिस्टर म्हणतात, तसं पुरुष नर्सला ब्रदर. सलाईनची सुई लावताना तो पोराला पुणे-लोणावळा लोकलची स्टेशनं उलटी म्हणायला लावायचा. लोणावळा, मळवली, कामशेत... आकुर्डीपर्यंत येईपर्यंत सुई लागलेली असायची. एकदा मध्यरात्री पोराला उलटी झाली, तर त्या माणसाने कपाळाला एक आठी न पाडता चादर बदलली, त्याचं तोंड पुसलं आणि सूनबाईंना म्हणाला, "तुम्ही झोपा ताई, मी आहे." आमच्या घरात त्या माणसासाठी अजून दुआ निघते.

तर बालदिनाची यादी वाचून झाल्यावर नातू म्हणाला, "मी ब्रदर होणार."

त्याची नऊ वर्षांची बहीण यादी हातात घेऊनच बसली होती. तिने बोट ठेवून दाखवलं. "नर्स मुलींच्या बाजूला आहे. तू डॉक्टर हो."

"डॉक्टर एकच मिनिट येतात," नातू म्हणाला.

आम्ही हसलो. त्याला हसलोच, खरं सांगायचं तर. तो गप्प झाला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "बरं, मग पोलीस." त्याचं ते 'बरं' आमच्या मनात टोचत राहिलं. पाच दिवसांच्या आजारपणातून जो माणूस त्याने आदर्श म्हणून उचलून आणला होता, तो त्याने आमच्या एका हसण्यात परत ठेवून दिला.

ही यादी शाळेने स्वतः बसून विचार करून केली नसणार. जिथून सण आला तिथूनच यादीही आली. म्हणून आम्ही जरा तिकडे डोकावून पाहिलं.

हॅलोवीनचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांच्या, हिवाळ्याच्या उंबरठ्यावरच्या एका सणात सांगतात. एकोणिसाव्या शतकात तिकडून पोटासाठी निघालेल्या लोकांबरोबर तो अमेरिकेत गेला. तिथे आता ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलं वेष करून दारोदार जातात आणि गोळ्या-चॉकलेटं मागतात. वेष घरीच व्हायचा तेव्हा जुन्या चादरीला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडली की झालं भूत. चादरीतलं भूत मुलगा की मुलगी, कोण विचारतो? १९३० च्या दशकापासून मुखवटा आणि झगा एका खोक्यात घालून विकायला कंपन्या उतरल्या. पोशाख दुकानात गेला की त्याला फळी लागते, आणि फळीला पाटी. मुलींसाठी, मुलांसाठी.

कॅनडातल्या ॲडी नेल्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मुलांचे असे ४६९ पोशाख आणि शिवण्याचे नमुने एकेक करून तपासले. २००० साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी सांगून टाकलं आहे की गुलाबी ड्रॅगन ही मादी असते! मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल असे पोशाख दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. मुलींच्या बाजूला सौंदर्यराण्या आणि राजकन्या यांचीच गर्दी. मुलांच्या बाजूला योद्धे, खलनायक, आणि मरणाशी नातं सांगणारी पात्रं. म्हणजे एकीने दिसायचं, दुसऱ्याने मारायचं. तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी पालकांना विचारते की यंदा मुलांना कोणता पोशाख घेणार. ओळीने ११ वर्षं राजकन्या पहिली होती. २०१६ मध्ये सुपरहिरोने तिला मागे टाकलं, तर ती मोठी बातमी झाली.

सुपरहिरोचा पोशाख आम्ही स्वतः हातात घेऊन पाहिला आहे, आपल्याकडेही मिळतो. मुलग्यांच्या पोशाखात छाती आणि दंडाला आतून फोम शिवलेला असतो. सहा वर्षांच्या, डेंग्यूतून नुकत्या उठलेल्या, बरगड्या मोजता येतील अशा पोरालाही पिळदार दंड! त्याच हिरोचा मुलींसाठीचा अवतार असतो जाळीच्या घेरदार फ्रॉकचा. मुलग्याच्या पोलिसाला पँट, पट्टा, बेड्या. मुलीच्या पोलिसाला आखूड स्कर्ट. त्या स्कर्टमध्ये चोरामागे धावून तर दाखवा.

आणि हे गुलाबी-निळं काही आदमच्या जमान्यापासून चालत आलेलं नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ मधला, अडीच वर्षांचे असतानाचा फोटो आहे. पांढरा झगा, खांद्यावर केस, मांडीवर पिसाची टोपी. तेव्हा खात्यापित्या घरांतले लहान मुलगे असेच कपडे घालायचे. १९१८ मध्ये तिथल्या एका कापड-व्यापाराच्या मासिकाने तर सल्ला दिला होता की गुलाबी रंग ठसठशीत, म्हणून तो मुलग्यांना; निळा नाजूक, म्हणून मुलींना. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? आमच्या घरात एकच झबलं आणि एकच टोपडं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, मुलगा-मुलगी न पाहता, पाच बाळांनी वापरलं. अकीक्याच्या जुन्या फोटोंत कोणतं बाळ कोण, हे अजून आम्हाला मागच्या तारखेवरून ओळखावं लागतं.

असो. नातवाला त्या रात्री आम्ही जवळ घेतलं आणि सांगितलं, तू ब्रदरच होशील. आता खरी परीक्षा सुरू झाली, कारण ही बातमी आमच्या आपांपर्यंत पोचली.

आपा आमच्याहून आठ वर्षांनी मोठ्या. त्यांनी फोनवरच सुनावलं, "अगं, मुलग्याला नर्स बनवतेस? स्त्रियांचा वेष घेणाऱ्या पुरुषांवर आणि पुरुषांचा वेष घेणाऱ्या स्त्रियांवर लानत आली आहे, हे विसरलीस?" आपांची काळजी पोकळ नाही. बुखारीत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडून ही हदीस आली आहे आणि आपल्या घरांत ती गांभीर्याने घेतली जाते. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देण्याचा आमचा वकूब नाही. पण जी हदीस आपण पुढे करतो ती नेमकी कशाला लागू करतो, हे तपासायला काय हरकत आहे? इब्न हजर यांच्यासारख्या मोठ्या भाष्यकारानेही नोंदवून ठेवलं आहे की पोशाखाची ठेवण देशोदेशीच्या रिवाजानुसार बदलते. त्या इस्पितळातला ब्रदर आकाशी सदरा आणि पायजमा घालत होता. तो पुरुषाचाच पोशाख होता, पुरुषाच्याच अंगावर होता. नातवाला फ्रॉक नको होता, त्याला सलाईन लावायचं होतं. आजाऱ्याचं तोंड पुसणं हे बायकांचं काम आणि म्हणून ते केलं तर पोरगा बायकी होईल, ही गोष्ट हदीसमध्ये नाही. ती आपल्या डोक्यात आहे, आणि आपण तिला हदीसचं बळ देतो.

उलट हदीसमध्ये काय आहे? हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं की प्रेषित (स.) घरी असताना काय करत. त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. फाटलेला कपडा शिवणं, चप्पल सांधणं हे ते स्वतः करत, हेही रिवायतींमध्ये येतं. हे आपण वर्षातून एकदा सीरतच्या जलशात ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन मुलाच्या हातातला झाडू काढून मुलीच्या हातात देतो.

आपांना आम्ही आमच्या अब्बांची आठवण करून दिली. अब्बा दर्जी होते. मिरजेच्या त्या छोट्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज, कुर्ते, दुल्हनचे शरारे शिवले. त्या शिलाईवर आपांचं आणि आमचं शिक्षण झालं. दावतीचा बावर्ची पुरुष, बाजारातला लेडीज टेलर पुरुष, बेकरीतला पाववाला पुरुष. पैसे मिळाले की शिवण आणि स्वयंपाक मर्दानी होतात, घरात आले की बायकी! आपा यावर काही बोलल्या नाहीत. "बघ बाई, तुमचं तुम्ही," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांना पटलं असं आम्ही म्हणणार नाही.

आता नातीचं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. गेल्या वर्षी ती परी झाली होती. भाड्याने आणलेला फ्रॉक बिनबाह्यांचा, जाळीचा होता. सूनबाईंनी रात्रभर जागून त्याला पूर्ण बाह्या आणि आतून अस्तर लावलं, खाली सलवार दिली. आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं, आपलं कर्तव्य पार पडलं. हयाचा प्रश्न सुटला. तो सुटलाही. पण बाह्या लांब झाल्या तरी परी परीच राहिली. दोन मिनिटं स्टेजवर उभं राहून तिने छडी हलवली, गोड हसली आणि खाली आली. मुलींच्या कपड्यांवर आपल्या घरांत जेवढी चर्चा होते तेवढी क्वचित कुठे होत असेल, आणि तरीही त्या कपड्यांत ती काय करणार आहे, हा प्रश्न आपण विचारत नाही. झाकलेली परी आणि उघडी परी, दोघींच्या हातात तीच छडी.

यंदा विचारलं तर ती म्हणाली, "इंजिन ड्रायव्हर." कारण होतं. साताऱ्याच्या सुरेखा यादव निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची चित्रफीत तिने वडिलांच्या मोबाइलवर पाहिली होती. देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून घाट उतरवून मुंबईला नेली, आणि १३ मार्च २०२३ ला वंदे भारत सोलापूरहून मुंबईला. डेक्कन क्वीन पुण्याच्या पोरांना घरचीच गाडी. ती एक बाई चालवू शकते म्हटल्यावर नातीने पुढचं सगळं स्वतःच ठरवून टाकलं होतं, फक्त कुणी विचारण्याची वाट पाहत होती.

आम्ही दोघांना घेऊन पेठेतल्या एका ड्रेपरीवाल्याकडे गेलो. दुकानात दोन रांगा. डावीकडे गुलाबी, जांभळं, चमचम. उजवीकडे खाकी, काळं, तलवारी, बंदुका. ड्रेपरीवाले भला माणूस. नातीला पाहून त्यांनी न विचारताच डावीकडचा हँगर काढला. ड्रायव्हर म्हटल्यावर जरा थांबले. "मुलीच्या साइजमध्ये तसं काही येत नाही, ताई." आम्ही विचारलं, मुलीची साइज म्हणजे काय? २८ ची छाती ती २८ चीच ना? ते हसले आणि उजव्या रांगेतून वैमानिकाचा शर्ट काढला, खांद्यावर पट्ट्या असलेला. नातीला तो बरोबर बसला. टोपीही तिथलीच. "लोक मागतात ते आम्ही ठेवतो," ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. इतकी वर्षं डावीकडच्या रांगेत आम्हीच तर मागत आलो होतो.

नातवाच्या मापाचा ब्रदर मात्र दोन्ही रांगांत नव्हता. नर्सचा पोशाख होता तो स्कर्टचा आणि डोक्यावरच्या पांढऱ्या पट्टीचा. डॉक्टरचा कोट होता. तलवारी हव्या तेवढ्या होत्या. मुलींसाठी उजवीकडची रांग आता थोडी थोडी उघडते आहे, पोलीस हो, वैमानिक हो, असं आपण लेकींना कौतुकाने म्हणतो. मुलग्यासाठी डावीकडून काही उचलायला मात्र कुणी तयार नाही. मारणारा, पकडणारा, उडणारा, लुटणारा, एवढंच त्याने व्हायचं. सांभाळणारा कुणीच नाही. उद्या हाच पोरगा नवरा होणार, बाप होणार, म्हाताऱ्या आई-वडिलांच्या उशाशी बसायची वेळ त्याच्यावर येणार. तेव्हा आपण म्हणणार, हल्लीच्या मुलांना सेवा माहीत नाही.

(बंदुकीचं आणखी एक. खेळण्यातली काळी बंदूक हातात घेतलेल्या आपल्या पोराचा फोटो गटावर पडला की खाली कुणीतरी काय विनोद करील, याची धास्ती आपल्या घरांत आधी असते. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको.)

घरी आल्यावर मुलाने माळ्यावरून अब्बांची शिलाई मशीन काढली. त्याला सरळ शिलाईपलीकडे काही येत नाही, पण सदरा-पायजम्याला तेवढी पुरते. बाजारातून आकाशी पॉपलीन आणलं. रात्री वडील मशीनवर आणि पोरगा खाली बसून कापडाचं टोक धरतोय, हे आम्ही दारातून पाहत होतो. खिसे तीन हवेत, अशी त्याची अट होती: एक कापसाला, एक चिकटपट्टीला, एक 'असाच'. सूनबाईंनी वर्गशिक्षिकेला फोन केला. बाईंना आधी कळेना, मग म्हणाल्या, "अहो, माझा भाऊही ब्रदरच आहे, सोलापूरला. पाठवा त्याला." यादी त्यांनी कुठूनतरी घेऊन पुढे पाठवली होती, एवढंच.

१४ नोव्हेंबरला नातू पडद्याच्या काठीला पाण्याची बाटली लटकवून, तिला नळी बांधून स्टेजवर गेला. पहिल्या रांगेतल्या एका मुलाला त्याने खुर्चीवर बसवलं, मनगटाला चिकटपट्टी लावली आणि लोणावळ्यापासून स्टेशनं म्हणायला सांगितली. त्या मुलाला येईनात, तर सगळा वर्ग म्हणू लागला. मागून कुणीतरी "सिस्टर, सिस्टर" असं ओरडलं. नातवाने तिकडे वळून "ब्रदर" एवढं सांगितलं आणि पुढचं स्टेशन घेतलं. बक्षीस एका सैनिकाला मिळालं.

नातीने शिट्टी वाजवून, हिरवी झेंडी दाखवून गाडी सोडली आणि खंडाळ्याच्या घाटात ब्रेक कसे लावतात ते सांगितलं. ते तिने कुठून आणलं, देव जाणे. घरी येताना तिची तक्रार एकच होती: सूनबाईंनी कपाटातून काढून दिलेल्या तिच्या पँटला खिसे नव्हते, वर नुसती शिवणीची रेघ होती, त्यामुळे शिट्टी हातात धरावी लागली. भावाला तीन खिसे आणि तिला एकही नाही, हे तिने अब्बूंना दोनदा ऐकवलं. मशीन अजून माळ्यावर परत गेलेली नाही.